फणी आधी की गवत आधी?

ऑक्टोबरचं ऊन ओसरू लागलं की ससा पाळलेल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते: घरभर केस. सोफ्यावर केस, पडद्यांवर केस, वाळत घातलेल्या कपड्यांवर केस. घरच्यांचा सगळा वेळ ते केस झाडण्यात जातो आणि त्या गडबडीत सशाच्या पोटाकडे लक्ष राहत नाही. हा लेख त्या पोटासाठी आहे. केस झडण्याच्या दिवसांत सशाला कसं सांभाळावं याबद्दल दोन मतं नेहमी ऐकू येतात. दोन्ही मतांचे लोक सशावर जीव लावणारे असतात आणि दोन्हीकडे तथ्य आहे. ती दोन मतं मी इथे एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातली आहेत. मामा पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले, ससेपालनाची शेड जवळून पाहिलेले. भाची पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या सशाचं नाव बंड्या, वय तीन वर्षं.

भाची: मामा, याच्या मानेवर बघा ही रेघ. रेघेच्या पुढचे केस नवे, तुकतुकीत आणि मागचे सगळे निस्तेज. परवा ती कानांच्या मागे होती, आज खांद्यापर्यंत आली. पाठीवरून हात फिरवला की मूठभर केस हातात येतात. मी दिवसातून दोनदा फणी फिरवते.

मामा: दोनदा? अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे. ससा स्वतःला चाटून स्वच्छ ठेवणारं जनावर आहे. डोक्यापासून सुरुवात होते, मग मान, पाठ, ढुंगण आणि शेवटी पोट, असे केस झडत जातात. दोन-चार आठवड्यांत, कधी सहा आठवड्यांत सगळं उरकतं. आमच्या शेडमध्ये एकाही सशाला कधी फणी लागली नाही. केस जाळीला चिकटायचे, आम्ही ते झाडून काढायचो.

भाची: तुमच्या शेडमधले ससे किती जगायचे?

मामा: मांसासाठीचे म्हणशील तर तीन महिने. दोन किलोच्या आसपास वजन भरलं की विक्री.

भाची: म्हणजे पूर्ण वाढलेल्या सशाची मोठी केसगळती त्यांच्या नशिबी आलीच नाही. बंड्याला आठ-दहा वर्षं जगायचंय. शेडच्या अनुभवावरून त्याचा हिशेब कसा मांडणार?

मामा: पैदाशीच्या माद्या होत्या की. त्या दोन-तीन वर्षं राहायच्या. फणी त्यांनाही नव्हती, पण त्यांच्यापुढे दिवसरात्र वैरण असायची. तुझ्या या टोपल्यात सकाळपासून किती गवत पडलंय ते बघ आणि त्या वाटीत गोळीखाद्य किती आहे तेही बघ.

मामांचं बोट बरोबर जागी पडलं. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज. आपल्या माळावर दिसणारा ससा वेगळ्या जातीचा. तो पाळायचा नसतो, कायद्याने तसं करताही येत नाही. युरोपातला तो रानससा बिळात राहतो आणि पहाटे-संध्याकाळी, रात्री बाहेर पडून तासन् तास गवत खातो. दिवस लहान-मोठा होऊ लागला की त्याच्या अंगावरची लव बदलते. पुण्यात डिसेंबरचा दिवस साधारण अकरा तासांचा आणि जूनमधला तेरा तासांहून थोडा मोठा. फरक तसा थोडाच, त्यात घरात रात्री उशिरापर्यंत दिवे चालू. म्हणून इथले काही ससे वर्षातून दोनदा ठळकपणे लव बदलतात, तर काहींचे केस बारा महिने थोडेथोडे झडत राहतात. यात आजार काही नाही.

भाची: पण मामा, मांजराच्या पोटात केसांचा गोळा झाला तर ते ओकून टाकतं. सशाला ओकताच येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. म्हणून जितके केस फणीत आले तितके पोटात जायचे वाचले, असं मी धरून चालते.

मामा: हे मला मान्य आहे. पण आता माझं ऐक. निरोगी सशाच्या जठरातही केस असतातच. तो रोज अंग चाटतो, रोज केस गिळतो आणि रोज लेंडीतून बाहेर टाकतो. केस आत जाणारच. ते बाहेर पडतायत का, एवढंच बघायचं. आणि त्यांना बाहेर ढकलतं कोण? गवताचा जाड, न पचणारा तंतू. मोठ्या आतड्यात त्याची निवड होते. बारीक कण मागे वळून आंधळ्या आतड्यात जातात, तिथे जिवाणू ते आंबवतात. जाड तंतू पुढे सरकतो, त्याची कोरडी लेंडी होते आणि केस तिच्याबरोबर निघून जातात. तंतू कमी पडला की आतड्याची चाल मंदावते. मग जठरातल्या अन्नातलं पाणी शोषलं जातं, उरतो तो केस आणि चारा यांचा सुकलेला गोळा. पोटात वायू धरतो, दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं.

भाची: म्हणजे गोळा आधी नाही झाला, आतडं आधी थांबलं.

मामा: बहुतेक वेळा तसंच.

मामा जे सांगतात ते आज सशांचे जाणकार डॉक्टरही सांगतात. पूर्वी पोटात केसांचा गोळा सापडला की सगळा दोष केसांवर जायचा. आता आधी विचारतात ते हे: गवत किती खातो, पाणी किती पितो, दात दुखतायत का, घरात काही घाबरवणारं घडलंय का. माझाही कौल इथे मामांकडे आहे. केस झडायला लागल्यावर फणीची ऑर्डर देणाऱ्याने त्याआधी गवताचं टोपलं भरावं. पण भाचीकडे आणखी एक मुद्दा होता आणि तो सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

भाची: बहुतेक वेळा म्हणालात, मामा. राहिलेल्या वेळांचं काय? ब्रिटनमध्ये फ्रान्सिस हार्कोर्ट-ब्राउन नावाच्या पशुवैद्य आहेत, सशांवरचं त्यांचं काम मोठं आहे. जठर फुगलेल्या 76 सशांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला, तो त्यांचा. त्यातल्या बहुतेकांच्या आतड्यात काहीतरी अडकलेलं होतं आणि ते बहुतांशी दाबून घट्ट झालेल्या केसांची गोळी होतं. अशा वेळी आतडं हळूहळू मंदावत नाही. काल रात्री उड्या मारणारा ससा सकाळी फुगलेल्या पोटाने पडलेला दिसतो. तिथे गवत पुरतं का?

मामा: नाही पुरत. ते दुखणं वेगळं आणि कित्येकदा तिथे शस्त्रक्रियेलाच पर्याय नसतो.

भाची: म्हणून मी फणी सोडणार नाही. निदान गुंत्याचे पुंजके तरी याच्या तोंडात जायला नकोत.

मामा: सोडू नकोस. पण फिरवतेस कशी ते दाखव.

भाची त्याला उचलून मांडीवर उताणं करू लागली तसे मामा पुढे सरसावले.

मामा: थांब, उताणा कधीच करायचा नाही. उताणा केला की तो निपचित पडतो आणि लोकांना वाटतं, किती शांत झाला. तो भीतीने गोठलेला असतो. त्यात मागचे पाय झाडले तर पाठीचा कणा मोडू शकतो, इतकी त्याची हाडं हलकी आणि लाथ जोराची. जमिनीवर बस तू, चटईवर. त्याला तुझ्या मांडीला टेकून बसू दे. आता हात ओले कर, पाणी झटकून टाक आणि नुसत्या तळव्याने मानेपासून शेपटीकडे हात फिरव.

तिने तसं केलं. दमट तळव्याला केस पापुद्र्यासारखे चिकटून आले. तिने ते बोटांनी गोळा केले, पुन्हा हात ओला केला. बंड्याने कान मागे टाकले, हनुवटी चटईला टेकवली आणि तो जागचा हलला नाही.

मामा: बघ. हे आधी, फणी नंतर. फणी बारीक दातांची, पण बोथट टोकांची. रबराचा ब्रश असेल तर आणखी चांगलं. सशाची कातडी पातळ असते, ओढलीस तर फाटते. ढुंगणावर पुंजका सैल झालाय ना, तो चिमटीत धरून बघ. आपसूक सुटला तर घे, अडला तर राहू दे. गुंता झाला असेल तर कात्री लावू नकोस, कातडी वर उचलून येते आणि कापली जाते. तो डॉक्टरकडून मशीनने काढून घ्यायचा. पाच-दहा मिनिटं, दिवसातून एकदा, पुरे झालं.

भाची: तुम्ही तर म्हणाला होतात फणीच नको.

मामा: रोज दोनदा पाठलाग करून, कोपऱ्यात गाठून, धरून फणी नको असं माझं म्हणणं. तो शिकार होणारा प्राणी. दुखलंखुपलं लपवतो. तुझा हात दिसला की पलंगाखाली पळायला लागला, तर तो आजारी कधी पडला ते तुला कळणार कसं? आणि धास्तीनेही आतडं मंदावतं. म्हणजे केस काढायला गेलीस आणि ज्याला घाबरत होतीस तेच ओढवून घेतलंस.

भाची: मग फणी झाली की कोथिंबिरीची एक काडी देते. दोन दिवसांत स्वतःहून येऊन बसेल.

आंघोळीचा विषय दोघांनी काढला नाही, पण तो टाळता येत नाही, कारण केस झडायला लागले की सशाला बादलीत बुडवणारे लोक आहेत. सशाला आंघोळ घालू नये. दाट लव भिजली की लवकर वाळत नाही, अंग गार पडतं आणि पाण्याच्या धास्तीने ससा दगावतोही. मागचा भाग घाणीने माखला असेल तर तेवढीच जागा कोमट पाण्याच्या कापडाने पुसून लगेच कोरडी करावी. आपल्याकडे पावसाळ्यात तर रोज तपासावी. अशा घाणीवर माशा अंडी घालतात आणि आळ्या कातडी खातात.

मामा: आता टोपल्याकडे वळू. दिवसभराच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त गवत हवं. गोळीखाद्य मोठ्या सशाला नावापुरतं.

भाची: टिमोथी गवत मागवते मी. बाहेरून येतं, महाग पडतं, म्हणून पुरवून वापरते.

मामा: गवत पुरवून वापरायची वस्तू नाही. टिमोथी परवडत नसेल तर ओटचं वाळलेलं गवत घे, ऱ्होड्सचं मिळतं ते घे. हरळी आहे, मारवेल आहे. दूर्वा निवडतेस ना गणपतीला, तीच हरळी. ओळखीच्या शेतातली, औषध न फवारलेली आण, धू, सावलीत पसरून वाळव. रस्त्याकडेची नको, तिथे कुत्री मुततात आणि गाड्यांचा धूर बसतो. लॉनवर मशीन फिरवून कापलेल्या गवताचा ओला ढीगही नको, तो आंबतो. लसूणघास पिल्लाला ठीक, सहा महिन्यांनंतर रोजची नको, तिच्यात कॅल्शियम फार. आणि कोवळी ज्वारी चुकूनसुद्धा नको, तिने गुरं मरतात.

भाची: पाल्यात मी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला देते. पालक क्वचित.

मामा: उत्तम. धुतल्यावर पाणी निथळू देऊ नकोस, ओलाच दे. या दिवसांत पोटात पाणी जितकं जाईल तितकं चांगलं. नळीची बाटली आहे तिच्या जोडीला जड बूड असलेलं उघडं भांडं ठेव. भांड्यातून ससे जास्त पाणी पितात. फक्त दिवसातून दोनदा बदल, त्यात केस पडून तवंग धरतो.

भाची: आणि अननसाचा रस? माझी मैत्रीण देते. म्हणते, त्याने पोटातले केस विरघळतात.

मामा: केस केरॅटिनचे असतात. अननसातल्या पाचक रसाने ते विरघळत नाहीत आणि पपईतल्यानेही नाहीत. रसाबरोबर पाणी पोटात जातं, तेवढा गुण येत असेल. त्याबरोबर साखर जाते ती आंधळ्या आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बिघडवते. त्यापेक्षा ओला पाला दे.

भाची: आजी एरंडेल द्या म्हणत होती.

मामा: आजीला माझा नमस्कार सांग आणि बाटली कपाटात ठेव. एरंडेल नको, मांजराला देतात ती केसांची पेस्टही नको. मंदावलेल्या आतड्याला रेच द्यायचा नसतो.

माझ्या मते या साऱ्या चर्चेतली सगळ्यात उपयोगी गोष्ट लेंडी आहे. पाळणाऱ्याने ती रोज हातात घेऊन बघावी. मामांनी पिंजऱ्यातली एक उचलली आणि बोटांत चुरडली. ती कोरडी होती, सहज फुटली, आत गवताचे सोनेरी-तपकिरी तुकडे स्पष्ट दिसत होते, वास जवळजवळ नव्हता. गवत पुरेसं खाणाऱ्या सशाची लेंडी अशी टपोरी, गोल आणि एकसारखी असते. मग भाचीने कोपऱ्यातून दुसरी उचलली आणि तिच्या मागोमाग आणखी चार वर आल्या, केसांत ओवलेल्या मण्यांच्या माळेसारख्या.

भाची: हे बघून माझा जीव उडाला होता.

मामा: उडू देऊ नकोस. केस बाहेर पडतायत याची ही खूण आहे. अशी माळ दिसली की गवत वाढव, पाला वाढव, फणी चुकवू नकोस. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या, काळपट आणि कमी व्हायला लागल्या तर मात्र सावध हो. आणि पहाटे एखाद वेळी मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या दिसतील, त्या वेगळ्या. त्या तो स्वतःच खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या पडूनच राहायला लागल्या तर गोळीखाद्य जास्त होतंय, किंवा वजन वाढलंय आणि त्याला मागे वळता येत नाही.

भाची: ढुंगणावर एक जागा अगदी विरळ झाली आहे. ती काळजीची?

मामा: फुंकर मार आणि बघ. खालून नवी लव येताना दिसतेय? कातडी स्वच्छ आहे? मग तो झडण्याचाच भाग. लाली, खवले, मानेवर कोंड्याचा थर, सतत खाजवणं असलं तर डॉक्टर. किडे असतील, गजकर्णासारखी बुरशी असेल, ती माणसालाही लागते. आणि दुकानातून कुत्र्याचं गोचिडाचं औषध आणून याच्या मानेवर टाकू नकोस. कित्येक औषधांत फिप्रोनिल असतं, ते सशाला मारतं.

भाची: मला सगळ्यात जास्त भीती दिवाळीची वाटते, मामा. केस झडायचे दिवस आणि फटाके एकदमच येतात. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री याने गवताला तोंडही लावलं नव्हतं.

मामा: इथे तू मला विचारलंस म्हणून सांगतो, त्या दिवसांत फणीचा आग्रह धरू नकोस. ओला हात फिरव तेवढा पुरे.

भाची: नाही, मामा. मी उलट करणार. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस रोज नीट केस काढणार, म्हणजे त्या रात्री भीतीने आतडं मंदावलंच तर आत अडकायला केस कमी असतील.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, हे शेडमध्ये आम्हाला कधी सुचलं नाही, तू कर. मला स्वतःला भाचीचा हा विचार फार पटतो. कारण तो फणीला गवताच्या विरुद्ध उभं करत नाही, वेळेचा हिशेब मांडतो.

मामा: त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेव. खिडक्या बंद, जाड पडदे. आत एक खोका उलटा ठेव, दोन्ही बाजूंना दार कापून, म्हणजे लपता येईल. खोक्यात त्याच्या रोजच्या वासाचं गवत घाल. पंखा चालू असू दे, त्याच्या आवाजात बाहेरचा आवाज थोडा बुडतो. उकडत असेल तर शहाबादी फरशीचा तुकडा ठेव बसायला. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून जाते. तीस अंशांच्या वर त्याला त्रास व्हायला लागतो. आणि पाहुण्यांच्या पोरांना सांगून ठेव, चकली-शंकरपाळं याला भरवायचं नाही.

भाची: आणि सकाळी लेंड्या नसल्या तर?

मामा: दहा-बारा तास खाल्लं नाही आणि लेंडीही नाही, तर वाट बघायची नाही. कुबड काढून बसलाय, दात करकरा वाजवतोय, कान गार लागतायत, कोथिंबीर नाकाशी धरली तरी तोंड फिरवतोय, यातलं काहीही दिसलं तर बारा तासही थांबू नकोस. सशाचं अंग साडेअडतीस ते चाळीस अंश असतं. त्याहून गार झालं म्हणजे तो खचतोय. टॉवेलमध्ये गुंडाळून, गरम पाण्याची बाटली कापडात घालून शेजारी ठेवून निघायचं. घरी पिचकारीने पातळ खाणं भरवत बसू नकोस. आतडं अडलेलं असेल तर त्याने जठर आणखी फुगतं. डॉक्टर आधी एक्स-रे काढतील, रक्तातली साखर बघतील. ती फार चढलेली असली तर अडथळ्याचा संशय बळावतो. दुखणं कमी करतील, सलाइन देतील, मग भरवायचं का ते ठरवतील. आपलं पॅरासिटामॉल किंवा कुणी दिलेलं अँटिबायोटिक पोटात घालू नकोस. अमॉक्सिसिलिन तोंडाने दिलं तर ससा मरतो.

भाची: सगळे व्हेट सशाचं बघत नाहीत, मामा. बरेच जण कुत्री-मांजरंच बघतात.

मामा: म्हणून आत्ताच फोन लाव. सशांवर उपचार करता का, एक्स-रे आहे का, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला दवाखाना उघडा असतो का, हे तिन्ही विचार. बंद असेल तर त्यांच्या ओळखीतलं दुसरं कोण, तो नंबरही घे.

भाची: आणि वजन? किचनच्या काट्यावर टोपली ठेवून आठवड्याला करते मी.

मामा: केस झडतायत तोवर दोन दिवसांनी कर आणि फ्रिजवर लिहून ठेव. लव झडल्यावर ससा बारीक दिसतोच, डोळ्याने कळत नाही. काट्याने कळेल.

भाचीने फोन काढला आणि नंबर शोधू लागली. मामांनी गोळीखाद्याची वाटी उचलून अर्धी डब्यात परत ओतली आणि टोपल्यात गवत दाबून भरलं.